पाणसळ

दुधगावच्या मळीतलं शेड बेडगच्या माळावर आणलं
दोन ट्रॉल्यांत, ताडपत्री न घालता.
शीतलनं खांबाखांबावर आकडे टाकले होते,
सन्मतीच्या दप्तरातल्या खडूनं,
आणि सांगलीच्या बायपासला बारकी भुरभुर आली.

उतरवलं तेव्हा
नऊ खांब, दोन तुळया, एक आडं,
वासे मोजलेच नाहीत.
सगळ्यांच्या अंगावर सारखंच पांढरट काहीतरी.

"फोटो हायत की," शीतल म्हणाला.
होते. चाळीस.
सगळे तपकिरी. निम्म्यांत त्याचा अंगठा.

सिद्राम सुतारानं तंबाखू मळली,
लाकडांच्या ढिगाला एक फेरी घातली.
"जुळणार की," म्हणाला,
"न जुळून जात्यात कुठं. पर आज न्हाई."

पहिला दिवस असाच गेला.
खांब उभा करायचा,
तुळईचं भोक त्याच्या कुसवावर टेकवायचं,
ठोकायचं, बसत नाही म्हणून उतरवायचं.
आई दोनदा चहा घेऊन आली,
तिसऱ्यांदा नुसतीच आली.
मी मिरजेहून रजा काढून आलेली,
मला दोन कामं: ओळंबा धरणे
आणि अण्णांना उन्हात येऊ न देणे.
दोन्ही जमली नाहीत.

अण्णा ऑपरेशननंतर फार बोलत नाहीत.
प्लॅस्टिकच्या खुर्चीतनं लाकडांकडं बघत होते,
लग्नात लांबचे पाव्हणे ओळखायला बघावं तसे.
दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला उठले,
आडव्या पडलेल्या खांबावर काठीचं टोक ठेवलं,
जिथं लाकूड खाली मातकट होतं आणि वर काळं.

"एकोणीसचं पाणी.
एकवीसला दारातनं मागं गेलं, ही त्याच्या आधीची.
पाणी कधी तिरकं उभारत न्हाई, सिद्राम.
ही रेघ जुळवा."

सिद्रामनं तंबाखू थुंकली. "आयला," एवढंच.

मग दोरी ताणली.
रेघेखालच्या लाकडाचा भरवसा नव्हता,
कुणाचा पाय कुजलेला, कुणाचा करवतीनं गेलेला.
रेघेवरचं बघायचं:
जास्त उरलं तो मधला, कमी उरलं तो कडेचा.
पायाखाली विटा, दगड,
एका ठिकाणी बाथरूमच्या फरशीचा तुकडा.
साडेतीनला आठ खांब उभे होते
आणि त्यांच्या छातीला छाती लावून एक पूर उभा होता,
या माळावर, जिथं साठ फुटांवर
विहिरीला नुसता दगड लागला.

नववा कडुनिंबाचा.
त्याच्यावर रेघ नव्हती.
सगळं ओसरल्यावर आणलेला,
वाहून गेलेल्या खांबाच्या जागी.
त्या खांबाला त्या रात्री रेडकू बांधलेलं होतं.
हे कुणी बोललं नाही.
आई कपबशा गोळा करायला लागली,
रिकाम्या, मघाशीच धुतलेल्या.

सिद्रामच्या कानावरची पेन्सिल घेतली
आणि दोरीच्या खालून निंबावर रेघ मी ओढली.
हात हलला. थोडी वर गेली.
कुणाला कळणार नाही,
पण मला आता तेवढीच दिसते.

संध्याकाळपर्यंत अर्धी कौलं चढली.
सन्मती चप्पल काढून खांबाला पाठ लावून उभा राहिला,
डोक्यावर तळहात आडवा धरून.
"आजून चार बोटं," तो म्हणाला.
"पुढच्या वर्षी माझं डोस्कं पाण्याच्या वर."

आईनं त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.
"चला जेवायला. दिवस बुडतोय."
रात्री जेवायचं नाही तिला,
सूर्य असेतोवर सगळ्यांचं उरकायचं असतं.

सिद्राम मागं राहिला.
त्याच्या हातात एक पाचर उरली होती
आणि तो एकेक सांधा हलवून बघत होता,
कुठला सैल आहे ते.