एका कान्याचा फरक

नोटीस इनास वकिलांनी मराठीतच लिहिली,
कारण मी म्हटलं, त्याला समजो न समजो,
मला समजायला हवी.

"आमच्या पक्षकार द्रौपदी भिकाजी मोचेमाडकर, वय अठ्ठावन्न,
राहणार" इथे पेन थांबलं.
वाडी घालू की नुसतं गाव?
वाडी घाला. पोस्टमन वाडीनेच ओळखतो.

अठरा गुंठे. पूर्वेला वहाळ, पश्चिमेला पायवाट,
दक्षिणेला फटू केरकराचं काजूचं भरड,
उत्तरेला जे आहे ते चतुःसीमेत मावत नाही:
उभं राहिलं की समुद्र दिसतो,
बसलं की नाही.
बोरवणकर उभे राहिले, म्हणून भाव ठरला.

विसार दोन लाख. साठेखताला चार.
बाकी अकरा महिन्यांत.
तारेचं कुंपण मात्र आठ दिवसांत आलं
आणि एक पाटी: ही जागा बोरवणकर यांच्या मालकीची आहे.
सात-बारा तेव्हाही माझ्या ट्रंकेत होता,
माझ्याच नावाचा.

अकरा झाले, चौदा झाले.
एक चेक आला, पाठीवर शिक्का घेऊन परत आला.
फोनवर म्हणतात, मावशी, मार्केट डाऊन आहे.
मार्केट मला ठाऊक आहे.
तिथे बांगडा पिशवीत घातला की पैसे द्यावे लागतात.

"कायदो तुझ्या बाजूक आसा," वकील म्हणाले
आणि जुन्या पत्रिकेच्या पाठीवर लिहू लागले.
बाकी भर नि खरेदीखत कर, असा दावा लावता येतो.
तारखांना जायची एसटी सकाळी सातला सुटते,
वर्षं किती, ते कंडक्टरलाही माहीत नाही.
नाहीतर करार मोडायचा. विसार जप्त, कुंपण उपटायचं.
मी म्हटलं, मोडा.

मग त्यांनी चष्मा काढला.
"विसार वेगळो, हप्तो वेगळो गे.
ते चार लाख परत द्यावे लागतीत."

ते चार लाख त्या घटकेला
निवतीच्या दीपगृहाकडे निघाले होते,
दिगूच्या होडीच्या मागे बसून,
सात पर्यटकांना घेऊन.

कायदा माझ्या बाजूने आहे.
एसटीत शेजारी बसलेल्या माणसासारखा आहे:
सोबत होते,
तिकीट मात्र माझं मीच काढायचं.

घरी आल्यावर नोटीस पुन्हा वाचली.
एका ठिकाणी टायपिस्टने विसार ऐवजी
विसर लिहिलंय.
एका कान्याचा फरक. मी दुरुस्त केला नाही.
त्यांना कुठला झालाय, त्यांनीच ठरवावं.

पंधरा दिवसांची मुदत. पोचपावती अजून आली नाही.
काजू मात्र मुदत पाळतो.
आज तारेखालून वाकून आत गेले,
पाटीच्या खिळ्याला पिशवी अडकवली,
बोंडू पिळून बिया वेगळ्या करत बसले.
हा ऐवज कुठल्या कलमात बसतो
ते वकिलांना विचारलं नाही. कदाचित विचारणारही नाही.

बसलं की इथून समुद्र दिसत नाही.
इंजिन ऐकू येतं.
चार लाखांचा आवाज,
निवतीहून परत येणारा.