कुशीवर

पाओरा खुर्चीत बसत नाही.
भिंतीला टेकून उभा राहतो, उजवी टाच अधांतरी,
आणि नगाइरे उकिडवी बसून
त्याच्या बुटांच्या नाड्या सोडते.
दोघंही त्याबद्दल काही बोलत नाहीत.
मी इथे फोन घेते, नावं लिहिते. मीही बोलत नाही.

एकोणतीस हंगाम.
दिवसाला तीनशे मेंढ्या,
प्रत्येक आधी कोंडवाड्यातून ओढायची
कमरेला पीळ देत.
ढुंगणावर बसवली, पाय हवेत गेले
की मेंढी गप्प होते.
मग तो वाकतो तो वाकतोच.
पोट, मांडी, मान, लांबच लांब पाठ,
लोकर निघाली पाहिजे अखंड
दुधावरच्या सायीसारखी.

तो सांगतो, जूनमध्ये ट्रकवर चढताना झालं.
ट्रकने फक्त सही केली.
मजकूर आधीच लिहून झाला होता,
दहा-बारा लाख मेंढ्यांच्या वजनाने.

कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी
एका बाजूने फुगली,
शिळ्या भाकरीला पडावी तशी तिला चीर,
आणि शेजारून जाणारी नस,
अंगठ्याएवढी जाड होत जाणारी, बिचारी, सरळमार्गी,
तिच्या मुळाशीच अडवली गेली.
दुखणं तिथलं. बोंब मात्र
कुल्ल्यातून, मांडीमागून, पोटरीतून
थेट करंगळीपर्यंत.

आमच्याकडे याला जुनं नाव आहे, गृध्रसी.
माणूस गिधाडासारखा चालू लागतो म्हणून.
मी त्याला सांगितलं. त्याच्या बेटांवर गिधाडं नाहीत.
जरा वेळाने म्हणाला,
रस्त्यात मेलेल्या पॉसमपाशी काहू उतरतो ना,
तो ससाणा, एका अंगाने उड्या मारत येतो…
तसंच.

इशबेलने आधी हात लावलाच नाही.
विचारलं, लघवी झालेली कळते का?
बसण्याची जागा बधिर आहे का?
पायाचा पंजा उचल. आता चवड्यावर उभा राहा.
एक जरी उत्तर वेगळं आलं असतं
तर तिने त्याला त्याच पावली
इनव्हरकार्गिलच्या इस्पितळात धाडलं असतं.
मग म्हणाली, गादी आत ढकलता येत नाही, कुणालाच.
आखडलेले सांधे मोकळे करून बघते.
बाकी तुझं शरीर करेल. कदाचित.
सहा आठवड्यांत नाहीच जमलं
तर सर्जनला पत्र देईन.

मधली भिंत लाकडाची, पातळ.
इथे पूर्वी खोगिरांचं दुकान होतं,
दमट दिवसांत अजून चामड्याचा वास येतो.
ऐकू आलं: कुशीवर वळ. वरचा गुडघा छातीकडे.
श्वास सोड.
मग कट्.
हाड बसल्याचा आवाज नव्हे हा, ती सगळ्यांना सांगते,
सांध्यातला बुडबुडा फक्त.
सगळे मान डोलावतात
आणि बाहेर येऊन मला सांगतात, हाड बसलं.

पाओरा म्हणाला,
तिने खांदा आणि खुबा धरला तेव्हा
मी गप्प झालो. अगदी गप्प.
इतकी वर्षं वाटायचं
मेंढीला तेव्हा सुखाचं वाटत असेल.

तिसऱ्या आठवड्यात कळ पोटरीवर आली.
पाचव्यात मांडीवर.
करंगळी त्याला परत मिळाली.
पाठ उलट जास्तच दुखते, तो कुरकुरला.
दुखू दे, इशबेल म्हणाली,
पाहुणा दाराकडे निघालाय.
या हंगामात कातरणी बंद. रोज चाल.
खाली वाकायचं ते गुडघ्यातून.

आज तो एकटा आला.
डावी नाडी बांधलेली,
उजवी नुसती बुटात खोचलेली.
पुढची वेळ गुरुवारची दे, म्हणाला,
गुरुवारी पाऊस आहे,
ओल्या मेंढ्या कातरत नाहीत.

मी वर पाहिलं.
तो खिडकीबाहेर मटौरा नदीकडे बघत होता.
वहीत सही केली तिथे
त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला,
लोकरीच्या ताज्या तेलाचा.

मी गुरुवार लिहिला.