पुढं सरका

दहा बाय बाराची खोली. त्यात कॉट, कपाट, फ्रीज,
शिलाई मशीन, गॅस, आणि आम्ही तिघं.
ह्यांनी डेपोत सांगून टाकलं,
"रविवारी जेवायला या समदी."
समदी म्हंजे किती, विचारलं
तर बोटं मोजायची सोडून मान वर केली,
गाडीत उभी किती हायत बघावं तशी.
"असतील अठरा."

कॉट उभी करून बोळात ठेवली.
मशीन तोडकर वहिनींच्यात.
कपाट कुठं जाणार? त्याच्यावर पाण्याचे ग्लास मांडले.
ताटं चार घरची आणली, नावं कोरलेली:
सौ. आक्काताई तोडकर,
कै. दादू मेस्त्री यांच्या स्मरणार्थ,
एकावर नुसतंच "तरुण मंडळ, ५१".
वाट्या कुणाच्या ते कुणालाच ठाऊक न्हाई,
गल्लीत फिरत असत्यात.

पांढरा रस्सा फुटू द्यायचा नसतो.
नारळाचं दूध घातलं की आच बारीक
आणि कुणाशी बोलायचं न्हाई.
नेमकी तवाच दारात पुण्याची जाऊबाई.
"बसा, आलो मी," म्हटलं.
ती हसली. दर खेपेला हसते,
बाईमाणसानं "आलो" म्हणायचं म्हणून.
हसू दे.
रस्सा फुटला न्हाई.

मग आली. चपला जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.
सर्जेराव ड्रायव्हर उंबऱ्यातच थबकले,
"वहिनी, आत जागा कुठं हाय ओ?"
आणि हे उठले.
एकतीस वर्षं केएमटीत कमावलेला आवाज:
"पुढं सरका! मधी लई जागा हाय!
दारात गर्दी करू नका!"
आणि सरकली की माणसं,
हसत, गुडघे मुडपून, पाठी भिंतीला,
चेकर मुल्लाणी फ्रीजला टेकून,
त्यांच्या मांडीला मांडी लावून
ज्यांना त्यांनी दोनदा मेमो दिलेला, ते बाबर.
कॅशमधले अक्कोळे जैन. त्यांना खिडकीशी जागा,
मुगाची आमटी, कांदा न्हाई, लसूण न्हाई,
उलथनंसुद्धा नवं आणलेलं.
ते तांबड्याच्या वाफेत बसले तसेच,
मुल्लाण्यांच्या पोराच्या नोकरीचं विचारत.

अठरा न्हवती. तेवीस.
पाच जणं जिन्यात, ताट मांडीवर,
वरच्या पायरीवरनं खालच्या पायरीवर
भाकरी फिरत्या,
"वाढा की अजून," आणि "बास बास" म्हणत
वाटी पुढंच.
मी दोनदा रश्शात पाणी वाढवलं.
कळलं असंल, कुणी बोललं न्हाई.

जेवणानंतर भिंतीवरचं घड्याळ दिलं ह्यांना,
खाली सगळ्यांची नावं बारीक अक्षरात.
लावायला खिळा एकच, कॅलेंडरचा.
कॅलेंडर उतरलं.
भाषण कर म्हणाले तर हे म्हणाले,
"सुट्टे पैसे कुणाचे ऱ्हायले असतील तर घिऊन जावा,"
एवढंच, आणि पाणी प्यायला आत आले.
आत म्हंजे कुठं, माझ्या पाठीमागं, मोरीपाशी.
ग्लास भरलेला, पीत न्हवते.
मी वळलो न्हाई. भांडी घासत ऱ्हायलो.

शेवटी आम्ही दोघी कट्ट्याखाली बसून जेवलो.
पातेल्याचा तळ, अर्धी अर्धी भाकरी.
जाऊबाईनं बोटं चाटली, पदर खोचला,
दारात चप्पल शोधताना म्हणाली,
"निघतो मी."
आणि आपलं आपल्यालाच हसू आलं तिला.

कॉट आणायची कुणाला ताकद न्हवती.
फरशीवरच अंथरलं. पोरगी झोपलीसुद्धा.
हे मात्र दिव्याखाली ताटं-वाट्या लावत बसलेले,
दहा-दहाची चवड,
ड्युटी संपल्यावर पैसे मोजायचे तसे.
एकदा मोजल्या. परत मोजल्या.
"एक वाटी जास्त आलीया," म्हणाले.

एकतीस वर्षांत ह्यांचा हिशेब
कमी यायचा कधीमधी, खिशातनं भरायचा.
जास्त कधी आला न्हवता.
वाटी हातात धरून बसून ऱ्हायले,
उलटी करून नाव बघत.
नाव न्हवतं.