स्टूल नंबर सात

पहाटे चारला भात वाफेवर चढतो,
तो अजून तसाच चढतो.
मेकाँगवरचं धुकं कुठे संपतं
आणि आमची वाफ कुठे सुरू होते
ते आईला कळायचं. मला भाव कळतो :
एक टोपली चिकट भात, एक स्टूल,
खांद्यावर घ्यायला एक उपरणं,
तिन्ही मिळून साठ हजार किप.
उपरणं परत द्यायचं.

लुआंग प्रबांगच्या याच रस्त्यावर
आई अनवाणी बसायची, गुडघे टेकून.
बोलू नकोस म्हणायची,
बोललं की भाताची वाफ जाते.
तिच्या फरशीवर आता निळं प्लास्टिक,
पंचवीस स्टुलांतलं सातवं.

भिक्खू येतात. नजर खाली.
मोबाइल वर होतात.
एका बाईच्या बोटांना भात चिकटतो, ती हसते,
नवरा म्हणतो, पुन्हा एकदा, इकडे बघून.
रांग थांबत नाही,
म्हणून तो भिक्खूंच्या पुढ्यात
उलट्या पावलांनी पळत राहतो.

रांगेत अकरावा माझा मुलगा.
खामसाय. श्रामणेर होऊन पाच महिने झाले.
मी शिजवलेला भात त्याच्या पात्रात पडतो
रोज, परक्या हातांनी,
आणि त्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर
हे मी विहारात विचारलेलं नाही.
विचारलं तर तेही सांगावं लागेल,
आदल्या दिवशीचा उरलेला भात
पुन्हा वाफवून विकला ते.
दोनदाच.
नाही, पाचदा.
त्या आठवड्यात विहारात चौघं पोट धरून झोपलेले,
त्यात एक अकरावा.

काल सात नंबरवाला उठलाच नाही.
पैसे आधीच भरलेले.
गाइड बुनलोम म्हणाला, रांगेत दात पडल्यासारखं दिसतंय,
तूच बस.
मी स्टूल मागे सरकवलं,
गुडघे टेकले. फरशी गार.
चपला पायातच राहिल्या होत्या,
हात मागे नेऊन एकेक ओढून काढल्या.
टोपलीत ताजा भात. शपथ, ताजा.

नववा. दहावा.
पात्रात बिस्किटाचा पुडा, दोन चॉकलेटं,
त्यावर माझा गोळा.
त्यानं वर पाहिलं नाही, पाहायचं नसतंच.
त्याच्या अंगठ्याचं नख वाढलंय
एवढं दिसलं.

मग कानाशी खट् झालं.
एक बाई वाकून मला मीच दाखवत होती
हातभर पडद्यावर : वाकलेली मान, वाफ, पाठमोरं भगवं.
अस्सल, म्हणाली ती.
तिच्या भाषेतला हा शब्द मला येतो,
आमच्या पाटीवर तोच रंगवलाय.
आणि एक बोट वर करून विचारलं,
पुन्हा एकदा?

रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती.
समोर रस्ता, एक कुत्रं.
टोपलीत भात होता अजून.
मी हात पुढे केला.