पहाटे तीनची पाळी

ऊर्तादो नदी. सप्टेंबर सरत आला,
आंदीजवर यंदा बर्फ नावालाच.
कमरेला एकोणीस कुलपांच्या चाव्या,
हातात खुणा पुसट झालेली लाकडी पट्टी :
मी नोल्फा कार्वाखाल, या पाटाची पाटकरीण.
निम्मं खोरं मला पाण्यात पाहतं.
उरलेल्या निम्म्याकडे पाणीच नाही.

एक वाटा म्हणजे सेकंदाला एक लिटर,
असं कागद म्हणतो.
यंदा हाती येतंय दहातलं दीड.
कागदाला तहान लागत नाही.

वहीत अजून मेलेल्यांची नावं आहेत.
सेनोबिओ, तीन वाटे; मुलगे उत्तरेला तांब्याच्या खाणीत.
झडपेशी येते त्याची म्हातारी,
गाऊनवर नवऱ्याचा कोट चढवून.

पहाटे तीनची पाळी एलेउतेरिओची असायची.
वाटे विकले त्यानं अवोकाडोवाल्यांना.
जमीन ठेवली. नुसती जमीन.
तरी तीनला तो येतोच, फावडं घेऊन,
दगडावर बसतो,
आणि पाणी वरच्या चारीला वळताना बघतो.

"किती आहे आज?"
"अकरा बोटं."
"माझ्या वेळी चौदा असायचं."
चौदा कधीच नव्हतं. वही माझ्याकडे आहे.
मी म्हणते, "हो, चौदा."

मग तो फावड्याचं पातं पाटात बुडवून धुतो.
माती लागलेलीच नसते त्याला.
ओलं फावडं तसंच खांद्यावर टाकून
जर्दाळूपाशी जातो, बुंध्याशी टेकवून ठेवतो,
पातं खाली.

मी टॉर्च विझवते. कुलूप लावते. लिहिते :
तीन ते सहा, अकरा बोटं,
गळती नाही.