किती पायऱ्या?

नेंटहेडच्या चढावर, गॅरेजचं शटर अर्धंच वर करून
विल्फ टॅलन्टायरनं विचारलं,
आधी सांग, दारापासून अंगणापर्यंत
किती पायऱ्या?

मी तयारीनं गेले होते. वहीत
आरशांचे व्यास, नाभीय अंतरं,
कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये आभाळाचा केवढा तुकडा मावतो
त्याचं दोन दशांशांपर्यंत गणित.
पायऱ्या मोजल्या नव्हत्या.
सात असतील. की आठ.
ऑल्स्टनच्या त्या घरात बारा वर्षं राहतेय मी.

तीन नळ्या विकायच्या होत्या त्याला.
एक भिंगाची, पांढरी, देखणी, थर्मासएवढी.
हिच्यात अख्खी देवयानी मावेल, तो म्हणाला,
पण तुझ्या त्या चौघी दिसतील कणीएवढ्या.

माझ्या चौघी म्हणजे सिंहाच्या मानेपाशी
एकमेकींना धरून असलेल्या दीर्घिका:
एक आडवी, पोटावर काळी रेघ,
एक गोल, एक पिळून टाकल्यासारखी,
आणि एक जरा लांब उभी, रुसलेली.

दुसरी नळी पिंपाएवढी. अकरा इंची आरसा.
मी हात फिरवला तिच्यावरून. त्यानं फिरवू दिला.
मग म्हणाला, पाठ कशी आहे तुझी?
पेशंट सरकवून सरकवून गेलेली आहे.
सकाळी किती वाजता उठतेस?
साडेपाच. हेक्सहॅमला, एक्स-रे विभागात.
नवरा मदतीला?
झोपतो.
हं.
वारा?
पश्चिमेचा.
तो सगळ्यांकडेच असतो गं. भिंत आहे का मध्ये?

आभाळाचं त्यानं सगळ्यात शेवटी विचारलं.
विचारलं कसलं, सांगितलंच:
आपल्या डोक्यावरची हवा ओली, सतत हलती,
मोठ्या नळीत तारा टिपशील तर तो फुगून येईल.
मला भिजवलेला साबुदाणा आठवला.
आमच्यात म्हणतात, मी सांगू लागले,
अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणजे तसंच,
आभाळ पाहून नळी...
इंग्रजीत ते काही केल्या उतरेना.
त्यानं तरी मान हलवली.

मग ताडपत्री ओढली.
खाली माउंट. काळं, तेलकट,
जात्याच्या तळीसारखं जमिनीला बसलेलं.
पैसे इथे घाल. नळी म्हणजे काय, धरलेली पोकळी.
पृथ्वी फिरते, हे उलटं फिरतं, तितकंच सावकाश.
बाकी याला काही येत नाही.

तर मी माउंट घेतलं,
आणि तिसरी नळी, आठ इंची, न्यूटनची,
कडेला पोचा आलेली, म्हणून स्वस्त.
यशोधनला सांगितलं तेव्हा
तो ओट्यावरच्या भेगेवरून बोट फिरवत होता.
ते पैसे ओट्याचेच होते.

पायऱ्या नऊ निघाल्या.
तीन खेपा: माउंट, वजनं, नळी. प्रत्येक वेळी
सातव्या पायरीवर थांबायचं.
अंगण खरोखरच वाकडं; तिपाईच्या एका पायाखाली
स्लेटचा तुकडा सारला.
मग एकोणीस रात्री ढग.

दिवसभर मी माणसांच्या आतले डाग टिपते.
तिथे वाटत असतं, नसू दे.
इथे अंधारात, टोपी कानांवर ओढून,
पाच मिनिटांचं एक्स्पोजर संपायची वाट पाहताना
वाटतं, असू दे.

विसाव्या रात्री पडद्यावर आले.
चार पुसट ठिपके.
मी ओरडले नाही, शेजारचे मेंढीवाले लवकर झोपतात.
नुसती वाकले, जवळ,
आणि श्वास लागून
चौथा उडाला.
लोकरीचा धागा होता, माझ्याच हातमोज्याचा.

तिघी हलल्या नाहीत.
मी मोजा काढला, पडदा पुसला,
पुन्हा पाच मिनिटं लावली.
रुसलेली कुठे लांब जात नाही,
चौकटीच्या जरा बाहेर असेल.