आठवं भोक

मे महिन्यातही गाउया नदीचं पाणी हाडात शिरतं.
बाबांनी धरून दिलेल्या लॅम्प्रेच्या जोडीची अंडी
मी काचेच्या वाटीत रीगाला आणते, मांडीवर सांभाळत.
बसमध्ये कुणी विचारलंच तर सांगते, खसखस आहे.

सहाव्या दिवशी पाठीवर एक वरंबा उठतो.
पूर्वी मी तो पाहताना श्वास धरायचे. आता धरत नाही.
वरंब्यावरून पेशी निघतात,
कुणी नावानं हाक मारल्यासारख्या,
डोक्याच्या दोन्ही अंगांनी उतरतात, चालत,
आणि थांबतात तिथं कमान उभी राहते.

माणसाचंही याहून फार वेगळं नाही.
मसुराएवढे असतो आपण,
मान नसते, मानेच्या जागी कमानी, एकीखाली एक.
पहिलीचा जबडा होतो,
आणि शिंप्याच्या चिंधीसारखं जे उरतं
त्यातून कानातली दोन हाडं.
पाचवी उगवते न उगवते तोच पुसली जाते, का ते विचारू नका.
तिच्या खालची लागते आवाजाला.
काळीज तेव्हा तिथंच,
अजून न झालेल्या हनुवटीखाली धडधडत असतं.
मग खाली सरकतं, छातीत,
आणि आवाजाच्या नसेला हाताला धरून नेतं.
ती नस अजून तेवढी खेप करते:
छातीपर्यंत जाते, धमनीला वळसा घालते, परत गळ्यात येते.
प्राण कंठाशी येतात म्हणजे
माहेरी येतात, एवढंच.

हे सगळं मला पाठ होतं.
सर्जन बाई म्हणाल्या, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल,
तेव्हा मी विचारलं,
पार्किंगचे पैसे कुठं भरायचे?

ओयार्सची हाक म्हणजे बांधाच्या या टोकाहून त्या टोकाला.
रात्री जाळी उचलताना
पलीकडच्या काठावरचे लोक दिवा लावायचे, वैतागून.
दवाखान्यानं दिलेलं गुणगुणतं यंत्र
त्यांनी एकदाच गळ्याला लावलं.
कुत्रा भुंकला. यंत्र खोक्यात गेलं.
आता खिशात पाटी असते, शाळेतल्यासारखी,
आणि गळ्याला आईचा हिरवा रुमाल, उन्हाळ्यातही.

काल ते न सांगता प्रयोगशाळेत आले.
पहारेकरी जिद्रा म्हणाली, हा माणूस बोलत नाही,
पण माशांचा वास येतो, म्हणजे तुझाच असणार.

मी वीस दिवसांचं पिल्लू भिंगाखाली ठेवलं.
आयुष्यभर त्यांनी हे जीव पोत्यानं मोजले,
विस्तवावर भाजले, जेलीत घातले.
डोळा लावून बसले तर उठेनात.
मग पाटीवर: जबडा कधी फुटतो?
कधीच नाही, म्हटलं.
छत्तीस कोटी वर्षं झाली, यांचं तोंड नीट मिटत नाही.
त्यांचे खांदे हलले. हसतात तेव्हा आता खांदेच हलतात.

पुन्हा वाकले. बोटांनी टेबलावर मोजू लागले,
मानेच्या बाजूनं उघडलेली ती टाचणीएवढी दारं.
एक. दोन.
चौथ्याला चुकले, पहिल्यापासून मोजलं.
सात.

मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली.
चार महिन्यांत माझ्यासमोर पहिल्यांदा.
पाटी पुसायला तोच रुमाल वापरला आणि लिहिलं:
मला एकच. पण चालतंय.

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
घसा होता माझ्याकडे, जबडा, जीभ, सगळी बांधणी पक्की,
आणि ब्र निघेना.

ते परत डोळा लावून बसले.
भिंगावर वाफ धरली नाही.
ती खाली धरली, यंत्राच्या थंड लोखंडी मानेवर,
एक लहानसं वर्तुळ,
येत होतं, जात होतं.